सोळावी जोडी

४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझा डबा पोचला. झाकण उघडलं आणि त्या जुन्या पुठ्ठ्याचा वास आला. क्षणभर मी पुन्हा पाच वर्षांची झाले, आणि तू समोर मांडी घालून "हं, उलट बघू" म्हणत बसलीस. तू काढलेला हत्ती अजून तसाच आहे, एक सोंड बारीक आणि एक जाड. जोडीतले दोन हत्ती सारखे काढायला तुला कधीच जमलं नाही!

पत्ते तीस आहेत, दोनदा मोजले. पण झाकणाच्या आत तुझ्याच अक्षरात ३२ लिहिलंय. आठ-आठच्या चार ओळी मांडल्या की शेवटच्या ओळीत दोन जागा रिकाम्या राहतात. लहानपणीही राहायच्या, मला वाटायचं खेळच तसा आहे. सोळावी जोडी कुठली होती गं?

आता इथलं सांगते. आमची बालवाडी धुलाई कारखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत आहे. भिंतीपलीकडे दिवसभर यंत्रं फिरतात, त्यामुळे भिंतीवर टेकवलेली पाटी हळूहळू सरकत खाली येते. बावीस मुलं आहेत, बहुतेकांच्या आया पलीकडेच चादरींना इस्त्री करतात. वर्ग माझ्याकडे, झाडलोट आणि मुलांची शी-शू मावशींकडे, आणि आम्हा दोघींच्या वर मोठ्या बाई.

मी पत्ते मागवले ते एका मुलीसाठी. चार वर्षांची आहे. तिच्या कोटाला वरचं बटण वेगळंच, भलं मोठं लाल लावलंय, म्हणून सगळे तिला बटणच म्हणतात. ती बोलत नाही. ऐकू येतं, समजतं, सांगितलेलं करते, पण बोलत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "डिसेंबरपर्यंत बघा. नाहीतर नाव कमी करू. बाहेर किती मुलं वाट बघतायत!" नाव कमी झालं तर ही पोर दिवसभर कुठे राहील, या विचाराने मला जेवण जात नाही. आणि माझं काही चुकलं तर दोष तिच्या माथी येईल.

तिची आई नाव घालायला आली तेव्हा म्हणाली, "न चालणारं मूल घेता का हो?" मी नियमांचं पान वाचून दाखवलं: मूल स्वतः चालणारं हवं, शू सांगणारं हवं. म्हटलं, "पण तुमची तर छान चालते की." ती "हो, चालते" म्हणाली आणि सही करून गेली. लोक घाबरून काहीही विचारतात.

पत्ते कसे खेळवू ते नीट लिही. मला सगळं आठवतं असं वाटतं, पण खात्री नाही.

तुझी ठकू

११ सप्टेंबर

प्रिय ठकू,

दोन पानांच्या पत्रात किती ती काळजी! तुला लहानपणी पाण्याचा पेला दिला तरी दोन्ही हातांनी धरून, सांडेल या भीतीने, न पिता उभी राहायचीस. अजून तशीच आहेस. आधी जेव.

आता ऐक. त्या पोरीला "हे काय आहे, सांग बघू" असं एकदाही विचारू नकोस. मूल म्हणजे काय कोर्टातला साक्षीदार आहे? आधी तूच खेळायचं, तूच बोलायचं. पत्ता उलटायचा आणि म्हणायचं, "अगंबाई, अस्वल! याचा भाऊ कुठे लपलाय?" सुरुवातीला चारच जोड्या मांड. ती नुसतं बोट दाखवेल, दाखवू दे. प्राणी कोणाला ओरडत नाहीत, म्हणून मुलं माणसांच्या आधी प्राण्यांशी बोलतात. जोडी सापडली की त्या प्राण्याबद्दल एक वाक्य बोलायचं, मग म्हणायचं "जोडी तुझी" आणि पत्ते तिच्या हातात द्यायचे. हातात द्यायचे, तिच्यापुढे ठेवायचे नाहीत. एवढंच. यात शास्त्र नाही.

सोळाव्या जोडीला वाळवी लागली.

गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

आत्या

२६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बटण बोलली!

पहिले चार दिवस नुसती बघत होती. मी एकटीच अस्वलांचे भाऊ शोधत होते. मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्हालाच खेळायचं होतं का लहानपणी?" पाचव्या दिवशी तिने सशाचा पत्ता उलटला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "ससा." मी वहीत वेळसुद्धा लिहून ठेवली. दहा वाजून वीस मिनिटं.

मी एक वही सुरू केलीय. तारीख, पत्ता, ती काय बोलली ते जसंच्या तसं, आणि पुढे बरोबर किंवा फुली. तू पत्रात एक नियम लिहायला विसरलीस, पण मला तो पक्का आठवतो: वाक्य त्या प्राण्याबद्दल खरं असलं पाहिजे. खोटं असलं की जोडी परत पालथी. माझ्या किती जोड्या तू अशा परत पालथ्या केल्यास! त्यामुळेच मी विचार करून बोलायला शिकले, असं मी मोठ्या बाईंनाही सांगितलं. त्यांना फार आवडलं.

या आठवड्यात बटणने सहा वाक्यं म्हटली, पण सगळ्यांना फुली द्यावी लागली. ती म्हणाली, "ससा घरी आहे." मी म्हटलं, "ससा बिळात राहतो," आणि जोडी पालथी केली. मग, "दुसऱ्या सशाला उठता येत नाही." पाच शब्दांचं, व्याकरण निर्दोष! मला इतका आनंद झाला, पण नियम तो नियम. म्हटलं, "दोन्ही ससे सारखेच असतात, म्हणून तर जोडी. दोघेही उड्या मारतात." परवा म्हणाली, "सशाला बांधलंय." मी पालथा करायला हात पुढे केला, तर तिने पत्त्यावर तळहात ठेवून दाबून धरला. रडली नाही. नुसता हात. मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मावशी फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, "अहो बाई, पोरगी काहीतरी सांगतेय."

मी म्हटलं, "मावशी, खेळ चालू असताना मध्ये बोलू नका. लक्ष उडतं तिचं."

"माझं काय जातंय," म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

तिची गंमत म्हणजे, दुसरा ससा कुठे आहे हे तिला नक्की माहीत असतं, तरी ती तो उलटत नाही. बाकीच्या जोड्या पटापट लावते. हे असं का होत असेल?

ठकू

२ ऑक्टोबर

प्रिय ठकू,

तो नियम सोड. मी लिहायला विसरले नव्हते.

पोर सशाबद्दल काहीही म्हणो, जोडी तिला दे. आणि मग विचार: कोणी बांधलं? कुठल्या सशाला? मावशींचं ऐक. तुझ्यापेक्षा जास्त मुलं धुतलीत त्या बाईने.

जास्त लिहवत नाही. हात दुखतो.

आत्या

९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र चारदा वाचलं. खरं सांगू? थोडं वाईट वाटलं. "पोराला साक्षीदार करू नकोस" हेही तूच लिहिलंस, आणि आता "विचार, कोणी बांधलं" हेही तूच. मी काय करायचं? तू स्वतः तो नियम कधी मोडला नाहीस. मी ताप आलेला असताना "मांजर बोलतं" म्हटलं तरी तू जोडी परत घेतली होतीस. आणि आज जे काही मी आहे ते त्यामुळेच आहे. एकदा धरलेली शिस्त अर्ध्यावर सोडली तर मूल गोंधळतं. तुझ्या हाताला बरं नाही, म्हणून घाईत लिहिलं असशील असं समजते.

आणि आनंदाची बातमी अशी की आता गरजच उरली नाही. सोमवारपासून एकही फुली नाही! "ससा गवत खातो." "सशाचे कान लांब असतात." "अस्वलाला मध आवडतो." वहीचं अख्खं पान बरोबर. दुसरा ससाही आता मुकाट्याने उलटते. मोठ्या बाईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, "नाव राहू द्या हिचं." ते ऐकून मी बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, कारण मला रडू येत होतं.

महिनाअखेरीस बालवाडी बघायला पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासमोर बटण पत्ते खेळून दाखवणार आहे.

मावशी माझ्याशी धड बोलत नाहीत.

ठकू

लिहिलं १४ ऑक्टोबर
पेटीत टाकलं २८ ऑक्टोबर

ठकू,

हात ठीक आहे. कधीच दुखत नव्हता.

तू बाळ असताना मी हे पत्ते काढले, तेव्हा तो नियम नव्हता. जे बोलशील त्याला जोडी मिळायची. तू म्हणायचीस हत्ती दात घासतो, आणि मी म्हणायचे जोडी तुझी.

तू चार वर्षांची असताना तुझ्या आईला दुसरं मूल झालं आणि ते तिसऱ्या दिवशी गेलं. त्यानंतर ती बोलेनाशी झाली, मग नको ते बोलू लागली, मग रस्त्यावर जाऊन उभी राहू लागली. तुझ्या आजोबांनी तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. तुझ्या बाबांनी काही म्हटलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते, मीही काही म्हटलं नाही. ताट आत सरकवायचं काम माझं होतं.

तू ओसरीवर पत्ते खेळायचीस. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तुझं भारी कौतुक. एक दिवस आजोबांचे स्नेही बसलेले असताना तू हरणाची जोडी लावलीस आणि म्हणालीस, "हरणाला कडी लावली. हरीण दारावर डोकं आपटतं." ते हसले. म्हणाले, "काय कल्पना आहे पोरीची!" ते गेल्यावर आजोबा मला म्हणाले, "हिचं तोंड आवर."

मी मारलं नाही तुला. मी नियम केला. खरं असेल तेच बोलायचं. हरीण जंगलात राहतं, हरीण गवत खातं. नाहीतर जोडी परत. तू हुशार होतीस. चार दिवसांत शिकलीस.

आई पुढच्या वर्षी गेली. दवाखान्यात नाही. त्या खोलीतच. तू तिचा विषय कधी काढला नाहीस आणि आम्ही म्हणालो, पोर विसरली, बरं झालं. हरणाची जोडी मी काढून ठेवली. वाळवी लागलेली नाही.

तुझी ती पोर खेळत नाहीये, ठकू. आज, आत्ता, तिच्या घरी जा.

ता.क.: हे पत्र चौदा दिवस उशीखाली होतं. रोज वाटायचं, तू मला पुन्हा पत्र लिहिणार नाहीस. आज टाकते.

आत्या

३ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. बुधवारी सगळं संपलं होतं.

जसं झालं तसं लिहिते. मला दुसरं काही येत नाही.

बुधवारी पाहुणे आले. बटणने सगळ्या पंधरा जोड्या लावल्या. "ससा गवत खातो" म्हणाली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कारखान्यातून एक बाई धावत आली आणि म्हणाली, "बटणला जरा ठेवून घ्या, तिच्या आईला घरी नेलंय." मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "दुसरी गेली."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "दुसरी कोण?"

जुळ्या आहेत, आत्या. होत्या. दुसरीला जन्मापासून कमरेखाली जीव नव्हता. घरी दुसरं कुणी नाही. आई सकाळी एकीला इथे सोडायची आणि दुसरीला चादरीच्या पट्टीने खाटेच्या पायाला बांधून कामावर जायची. घसरत घसरत जाऊन शेगडीपाशी पोचू नये म्हणून. एकदा पोचली होती, हाताला डाग होता. पाण्याचा पेला उशाशी, बिस्कीट उशाशी. दुपारच्या सुटीत येऊन कपडे बदलायची. बुधवारी पाहुण्यांनी आधी कारखाना बघितला, त्यामुळे तिथली सुटी उशिरा झाली. पोर खाटेवरून खाली घसरली आणि पट्टी वर गळ्याशी सरकली.

मी संध्याकाळी बटणला घेऊन गेले. एक खोली. भिंतीला खाट, खाटेखाली दोन सारख्या बाहुल्या. दाराच्या खिळ्यावर एक छोटा कोट होता, बटणच्या कोटासारखाच, पण याची बटणं मोठी लाल. त्याला वरचं बटण नव्हतं, दोरा लोंबत होता.

आई जमिनीवर बसली होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बाई, मी विचारलं होतं तुम्हाला."

आवाज चढवला नाही. वस्तू कुठे ठेवलीय ते सांगावं तसं म्हणाली. "न चालणारं मूल घेता का, म्हणून. तुम्ही वाचून दाखवलंत."

घरी येऊन वही उघडली. सव्वीस सप्टेंबरपर्यंत सहा वाक्यं, सहा फुल्या. खाली माझ्याच अक्षरात: "कल्पनाशक्ती चांगली, वस्तुस्थितीचं भान कमी." नंतर अख्खं पान बरोबर.

शुक्रवारी तुझं पत्र वाचलं. चौदा तारखेचं पत्र अठराला मला मिळालं असतं. मी गेले असते का, हे मला माहीत नाही. तुझं दोन ऑक्टोबरचं पत्र मिळालं होतंच की, आणि त्यावर मी काय लिहिलं ते तुझ्याकडे आहे. म्हणून तुला काही म्हणत नाही. पण आईबद्दलही आज काही विचारत नाही. एका वेळी एकच खोली डोळ्यांपुढे येऊ दे.

चौकशीचे अधिकारी १९ तारखेला, मंगळवारी येणार आहेत. मुलगी कधी काही बोलली होती का, हे ते विचारतील.

ठकू

८ नोव्हेंबर

ठकू,

वही दे. पहिल्या पानापासून दे, तिच्या आईने काय विचारलं आणि तू काय वाचून दाखवलंस तेही सांग. आपल्या घरात एवढी वर्षं कोणी काही सांगितलं नाही, त्याचं काय झालं ते तू बघतेयस.

सोबत हरणं पाठवतेय. एकाचं पाऊल पुसट आहे. तू चाटायचीस.

तुझ्या आईला तू त्या दाराच्या फटीतून पत्ते सरकवायचीस. एक तू ठेवायचीस, एक तिला द्यायचीस. ती परत सरकवायची. कधी कधी सरकवायची नाही. हे कोणाला माहीत नाही, माझ्याशिवाय. मी बघायचे आणि ताट घेऊन परत जायचे.

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

आत्या

१ डिसेंबर

आत्या,

वही दिली. मोठ्या बाई म्हणाल्या, "ते एक पान फाटलेलं असतं तर कुणाला कळलं असतं?" मी म्हटलं, "मला." मंगळवारी वही दिली आणि गुरुवारी मला कामावरून कमी केलं. मावशींनी माझा डबा आणि पायपुसणं पिशवीत भरून दिलं आणि पहिल्यांदाच मला एकेरीत म्हणाल्या, "जा पोरी."

वही दिल्याने काय चांगलं झालं ते सांगता येत नाही. "सशाला बांधलंय" हे वाक्य आता आईविरुद्धच्या कागदांत आहे. मी नियमांचं पान वाचून दाखवलं होतं, तेही त्याच कागदांत आहे, मीच लिहून घ्यायला लावलं. निकाल लागेपर्यंत बटण मुलांच्या आश्रमात आहे. रविवारी भेटायला देतात. आधी आई, मग मी. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर शेजारी बसतो. ती बोलत नाही. आज तिने आत नेलेली पिशवी माझ्याकडे धरायला दिली, तेवढंच.

बटण बोलते. बोलत नाही असं नाही. जेवली का विचारलं तर "जेवले" म्हणते. खोलीत किती मुली विचारलं तर मोजून सांगते. सगळं बरोबर असतं.

मी आज तुझा डबा नेला होता. बत्तीस पत्ते मांडले. पहिल्यांदाच शेवटची ओळ पुरी झाली. तिने त्या दोन नव्या जागांकडे बघितलं, पण विचारलं नाही. तिने पहिला ससा उलटला आणि मग न शोधता सरळ दुसऱ्या सशावर हात नेला. "ससा गवत खातो," म्हणाली आणि जोडीसाठी हात पुढे केला.

मी म्हटलं, "आणि दुसरा ससा?"

"ससा गवत खातो." हात तसाच.

मी जोडी तिच्या हातात दिली. तू सांगितलं होतंस तसं, हातात.

मग माझी पाळी. मी हरणं उलटली. आत्या, मला काही आठवत नाही. दार नाही, फट नाही, तिचा आवाज नाही. पुठ्ठ्याचा वास तेवढा आठवतो. तरी मी म्हटलं, "हरणाला मागच्या खोलीत कोंडलं होतं. बाहेरून कडी होती."

बटणने माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हरणं पालथी केली, अगदी सरळ, ओळीत. "चूक," म्हणाली. माझाच सूर, आत्या. मी शेवटी मान जराशी हलवते, तेसुद्धा. "हरीण जंगलात राहतं."

मी पुन्हा उलटली. पुन्हा तेच वाक्य म्हटलं. तिने पुन्हा पालथी केली.

तिसऱ्यांदा मी म्हटलं, "हरणाला कोंडलं होतं. ते दारावर डोकं आपटायचं. त्याचं पिल्लू सांगत होतं, पण कोणी ऐकलं नाही."

तिने पालथं करायला हात पुढे केला. पत्त्यावर तळहात ठेवला. आणि मग पालथं केलं नाही, दाबून धरलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, दाराशी बाई येऊन उभ्या राहिल्या, तरी तिने हात उचलला नाही. बोटं सोडवायला त्या पुढे झाल्या तेव्हा मी म्हटलं, "नको. राहू दे."

हरणं तिथेच ठेवून आले. डब्यात पुन्हा तीसच आहेत.

ठकू